कॅम्परसाठी जुनी फोर-बाय-फोर गाडी घेताना: आधी वजन, मग कागद, मग चासी

गोव्यात कॅम्पर, म्हणजे राहता-झोपता येईल अशी गाडी, बांधायचं मनावर घेतलेली माणसं बहुतेक एकाच पद्धतीने फसतात. ओळखीच्या फिटरला घेऊन गाडी बघायला जातात, बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, गावातल्या गावात एक फेरी मारतात आणि बयाणा देऊन मोकळी होतात. मग महिन्याभराने वेल्डर चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावतो आणि पापुद्रे हातात येतात. किंवा आरटीओत कळतं की गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे. किंवा सगळं ठीक असतं, पण सहा फुटी माणसाला पिकअपच्या मागच्या उघड्या, पाच फुटी हौद्यात पाय पसरता येत नाहीत.

इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं. कुजलेली चासी आणि अडकलेली आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) मात्र गळ्यात पडते. म्हणून खाली दिलेला क्रम नेहमीच्या उलट आहे आणि तो मोडू नये अशी कळकळीची विनंती आहे. एका टप्प्यावर गाडी नापास झाली तर पुढचा टप्पा करायचाच नाही.

१. गाडी शोधण्याआधी वजन आणि लांबी कागदावर मांडा

आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. या दोघांतला फरक एवढीच तुमची पुंजी. त्यात माणसं, पाणी, लाकूड, बॅटरी, भांडीकुंडी, सगळं बसवायचं आहे.

समजा हा फरक ९०० किलो आहे. त्यातले शंभर किलो बाजूला ठेवा, कारण काठोकाठ भरलेली गाडी घाटात ब्रेकवर येते. उरले ८००. आता वजा करत जा. दोन माणसं १५०. पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. मागचा लोखंडी सांगाडा आणि पत्रा दोनशेच्या घरात. बारा मिलिमीटर प्लायचा आठ बाय चार फुटी ताव साधारण २३ किलोचा. सात ताव लागले तर १६० किलो तिथेच गेले. टपावरचा तंबू ६०. बॅटरी, फ्रिज आणि सोलर मिळून ७०. जॅक, दोरखंड, हत्यारं, जादा टायर ८०. हिशेब संपला आणि अजून कपडे, शिधा, शेगडी गाडीत चढलेली नाही.

हे गणित आधी केलं की दोन गोष्टी आपोआप होतात. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम आणि जाड प्लायऐवजी पातळ प्लाय सुचायला लागतो. आणि फरक कमी असलेल्या गाड्या यादीतून गळतात. मारुती जिप्सी कितीही गोड वाटली तरी दोन माणसांच्या घराचं ओझं तिच्यावर टाकू नये.

लांबीचंही तसंच. डबल कॅबिन पिकअपचा हौदा साधारण पाच फुटांचा असतो. आत आडवं व्हायचं असेल तर फळका मागे उघडून झोपायची सोय लागेल, किंवा टपावर तंबू, किंवा फोर्स गुरखासारखी बंद गाडी. जमिनीवर खडूने चौकट आखा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिच्यात झोपवून बघा.

तपासा: यादीतल्या प्रत्येक मॉडेलपुढे वजनाचा फरक आणि झोपायची लांबी लिहिलेली आहे का? नसेल तर फोन उचलू नका.

२. मॉडेल ठरवताना फसवणारी नावं ओळखा

आपल्याकडे जुन्या बाजारात सापडणाऱ्या चारही चाकांच्या ओढीच्या (फोर-बाय-फोर) पिकअप मोजक्याच. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ पासून आहे. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आली, त्यामुळे जुनी मिळाली तरी महाग. टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे बंद झाल्या, पण दिसतात. बोलेरो कॅम्परची फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती साधी, दणकट आणि कुठल्याही तालुक्यात दुरुस्त होणारी. बंद बांध्याच्या गाड्यांत गुरखा आणि थार.

यातली बरीच मॉडेलं मागच्या दोन चाकांच्या ओढीचीही निघालेली आहेत. बोलेरो कॅम्पर, गेटअवे, झेनॉन सगळ्यांत हा घोळ आहे, आणि २०२३ पासून थारमध्येही. बाहेरून अंग तेच. मागच्या फळक्यावर चिकटवलेल्या ‘फोर-बाय-फोर’ला काही अर्थ नाही, तो स्टिकर म्हापशाच्या बाजारातही मिळतो. पुढून वाकून बघा: पुढच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणारा) गोळा आणि त्याच्याकडे ताकद आणणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, दिसला पाहिजे. हे फोटोतच मागवा, म्हणजे पेडण्याहून काणकोणपर्यंतचा हेलपाटा वाचेल.

बंद झालेलं मॉडेल घेणार असाल तर आधी स्पेअर पार्टवाल्याला विचारा की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा डबा) आणि पुढच्या ॲक्सलचं सामान मिळतं का. इंजिनाचे भाग बहुधा मिळतात. अडतं ते इथे.

३. गाडी आतापर्यंत काय करत होती ते विचारा

गोव्यात किलोमीटरपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा. तीन वर्षांत चाळीस हजार किलोमीटर चाललेली मासळीची गाडी ही दहा वर्षं शेतावर राबलेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते.

मासळीच्या गाडीचं कारण नीट समजून घ्या. मालीम, खारेवाडो किंवा कुटबणच्या जेटीवरून क्रेट भरून निघालेल्या पिकअपमध्ये बर्फ वितळतो. ते खारट पाणी हौद्याच्या भोकांतून आणि सांध्यांतून थेट चासीवर, स्प्रिंगपाट्यांवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर ठिबकत राहतं, रोज, कित्येक तास. वरून हौदा धुतला जातो, खालची चासी कोण धुतंय? हौद्याच्या कोपऱ्यातल्या शिवणीला नाक लावा. वास वर्षभर जात नाही. हौद्यात नवंकोरं रबर मॅट घातलेलं दिसलं तर ते उचलायला सांगा.

खाणपट्ट्यातली गाडी, म्हणजे डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागात खाणीवर फिरलेली, ही वेगळी. तिला मीठ कमी, पण खनिजाची लाल धूळ चासीच्या पोटात बसून ओलावा धरते. शिवाय २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर गाड्या जागेवर उभ्या राहिल्या. उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर चिकटतात, टाकीत गंज धरतो.

कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा पाण्यातून जातात. ॲक्सलमध्ये पाणी शिरलंय असं धरूनच त्या बघायच्या. भाड्याने दिलेल्या थारांची तऱ्हा आणखी वेगळी: क्लच आणि गिअरबॉक्सवर शंभर अनोळखी हातांनी शिकून घेतलेलं असतं, आणि बंदी असतानाही पर्यटकांनी ती किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत घातलेली असू शकते.

माझा कल कुळागरवाल्यांच्या गाडीकडे असतो. फोंडा, सत्तरी, सांगे भागात बागायतीत नारळ-सुपारी आणि खत वाहिलेली बोलेरो कॅम्पर दिसायला ओबडधोबड, पण एकाच कुटुंबाच्या हातातली आणि समुद्रापासून लांबची. तेही जमलं नाही तर घाट चढून बेळगाव-कोल्हापूरकडे शोधा. कोरड्या हवेतली चासी किनाऱ्यावरच्या चासीपेक्षा हमखास चांगली असते. परराज्यातल्या गाडीला लागणाऱ्या एनओसीचा (ना-हरकत दाखल्याचा) त्रास धरूनही तो सौदा परवडतो.

४. कागद: गाडी बघायला जाण्यापूर्वी

मालकाकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा आणि परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघा. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत, चलनं किती थकली आहेत, सगळं घरबसल्या कळतं.

नंतर पाटीचा रंग. पांढरी पाटी म्हणजे खासगी. पिवळी म्हणजे व्यावसायिक. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस पासिंग लागतं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. पिवळी किंवा काळी पाटी खासगी करून घेण्यासाठी परमिट असेल तर ते जमा करणं, कराचा फरक भरणं आणि आरटीओची मंजुरी हे सगळं येतं. ते काम विकणाऱ्यानेच पुरं करावं आणि मगच पूर्ण पैसे द्यावेत. ‘नंतर एजंट करून देईल’ या शब्दावर गाडी घेऊ नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. टप कापून वर उचलणारं छत बसवणं, चासी लांबवणं, हौदा काढून कायमची खोली उभी करणं हे सगळं त्यात येतं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वर्गही आहे, पण घरच्या अंगणात वेल्डिंग करून त्यात आपोआप शिरता येत नाही.

त्यामुळे आराखडा घेऊन आधी आरटीओत जा. पणजीला वाहतूक खात्यात किंवा तुमच्या तालुक्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. मूळ बांध्याला हात न लावता, हौद्यातल्या मूळ कड्यांना बांधलेले आणि तासाभरात उतरवता येणारे कप्पे-फळ्या हा त्यातल्या त्यात निर्धोक रस्ता. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकेल.

परराज्यातली गाडी, म्हणजे एमएच-०७, एमएच-०९ किंवा केए-२२, घेत असाल तर मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर लागते. गाडी इथे कायम ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत जीए नंबर घ्यावा लागतो आणि गोव्याचा रस्ता कर भरावा लागतो. तो कर गाडीच्या किमतीत धरूनच बोला. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या वयाच्या निर्बंधांमुळे स्वस्तात बाहेर पडतात. त्या घेताना एनओसी प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. चौदाव्या वर्षातली गाडी घेतली तर नूतनीकरणाचं पासिंग तुमच्याच नशिबी, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क बरंच वाढलंय.

सावध: चासी नंबर आरसीवरून लिहून घ्या आणि गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा. त्या जागी घासल्याची खूण, ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरा.

५. चासी: अख्खा तास इथे घालवा

मालकाला सांगा, गाडी धुऊ नका. आधी चिखलासकट बघायची. मग त्याच्यासोबत रॅम्प असलेल्या वॉशिंग सेंटरवर जा, खालून धुऊन घ्या आणि गाडी वरच ठेवून तपासा. धुण्याचे पैसे तुम्ही द्या. जो मालक गाडी रॅम्पवर चढवायला कां-कूं करतो, त्याच्याकडे काही तरी लपवायला आहे असं मी धरतो.

हातात टॉर्च, छोटी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर हवा. चासीच्या दोन लांब पट्ट्या पुढून मागे हातोडीने वाजवत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. आतून कुजलेलं बद्द वाजतं, आणि कधी कधी आतून गंजाची भुकटी सरसरत खाली येते. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रूड्रायव्हर जोर देऊन टोचा. वरवरचा तांबूस गंज चालतो, तो घासून रंगवता येतो. पापुद्रे सुटत असतील, टोक आत रुतत असेल, तर गाडी नापास.

गंज हमखास धरतो त्या जागा: स्प्रिंगपाट्यांचे मागचे हँगर, मागच्या चाकांवर चासी वळसा घेते तो भाग, हौद्याचे माउंट, आडव्या पट्ट्यांच्या शिवणी. चासीच्या भोकातून बोट आत घाला. माती भरलेली असेल तर ती काढून खालचा पत्रा बघा. वर केबिनमध्ये पायाखालचं मॅट उचला. दाराच्या तळकडेवरून बोट फिरवा.

सावध: चासीला नुकताच काळा डांबरी लेप मारलेला असेल तर खूश होऊ नका. विकण्याच्या आठवड्यात मारलेलं अंडरकोटिंग हे गंजावरचं पांघरूण असतं. दोन-तीन ठिकाणी खरवडायची परवानगी मागा.

स्प्रिंगपाटे मोजा. कंपनीपेक्षा जास्त पाटे घातले असतील तर ही गाडी ओव्हरलोड वाहत होती. हँगरच्या आसपास बारीक तडे शोधा. चासीवर नवं वेल्डिंग असेल तर कारण विचारा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर गाडी जोरात बसलेली आहे.

६. फोर-बाय-फोर खरंच चालतं का

मालक लिव्हर टाकून दाखवतो, दिवा पेटतो आणि आपण मान डोलावतो. दिवा पेटला म्हणजे चाक ओढतंय असं नाही.

गाडी अजून रॅम्पवरच असताना पुढच्या, मागच्या डिफरन्शियलचे आणि ट्रान्सफर केसचे भरायचे नट सोडायला सांगा. बोट घालून तेल बघा. दुधाळ, कॉफीसारखं तेल म्हणजे आत पाणी गेलंय. खालच्या चुंबकी नटावर राखाडी लगदा असणं स्वाभाविक. दाताचा तुकडा किंवा चकचकीत कपच्या निघाल्या तर आत मोठं काम आहे. ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी जागेवर आहे का तेही बघा, बहुतेक वेळा पाणी तिथूनच शिरतं.

हाताने हब लॉक करायची, म्हणजे पुढच्या चाकाच्या मधली कळ फिरवून चाक शाफ्टला जोडायची, गाडी असेल तर एक नेमकी चाचणी आहे. सपाट जागा, इंजिन बंद, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक वर. दोन्ही हब लॉक करा आणि फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाका. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावा. चाक हाताने फिरवा: थोडं खेळून अडकलं पाहिजे. मग टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं) टाकून पुन्हा फिरवा: आता फिरलं पाहिजे. फोर-हायमध्येही मोकळं फिरत असेल तर हबपासून ट्रान्सफर केसपर्यंत कुठे तरी जोड तुटलेला आहे. मग दुसऱ्या बाजूचं चाकही असंच बघा. गाडीखाली मात्र शिरायचं नाही.

बटणावर चालणाऱ्या गाडीला ही चाचणी लागू पडत नाही. ती ओल्या शेतात किंवा सैल खडीवर न्या, मागची चाकं निसटतील अशा जागी उभी करा आणि बाहेर उभ्या माणसाला पुढच्या चाकांवर नजर ठेवायला सांगा. फोर-लो (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त ओढ) टाकून रांगत चढवून बघा. ते लागायला आणि सुटायला अडखळत असेल तर किंमत उतरवा किंवा सोडा.

सावध: कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळण घेऊ नका. पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि चाचणीतच नुकसान होतं.

७. इंजिन, क्लच, टायर

यावर तुमचा फिटर माझ्यापेक्षा जास्त सांगेल, म्हणून थोडक्यात. गाडी रात्रभर उभी असावी. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटचा संशय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. ते उडू लागलं आणि भसाभस वाफ आली तर पिस्टनचं काम आलं. कूलंटवर तेलाचा तवंग नको.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर लांबच्या प्रवासाला नको. पेडलची रबरं गुळगुळीत आणि मीटरवर तीस हजार, हे जुळत नाही.

८. घाटात चालवून बघा

गावातली फेरी पुरत नाही. केरीहून चोर्ला घाट किंवा मोलेहून अनमोड घाट चढा, शक्यतो हौद्यात दोनशे-तीनशे किलो वाळूच्या गोणी टाकून. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा: आवाज वाढला आणि वेग नाही वाढला तर क्लच संपलाय. तापमानाचा काटा बघत राहा. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचला. गिअर निसटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

पावसाळ्यात ही फेरी मिळाली तर उत्तमच. केबिनमध्ये पाणी कुठून येतं ते एका सरीत कळतं.

परतताना गोणी उतरवून रिकामी गाडी वजनकाट्यावर चढवा. आरसीवरचा रिकाम्या गाडीच्या वजनाचा आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत चाळीस-पन्नास किलोंपेक्षा जास्त फरक निघाला, तर आधीच्या मालकाने काय काय बसवलंय ते शोधा आणि सगळा हिशेब नव्याने मांडा.

९. बयाणा आणि ताबा

दुरुस्तीची यादी मालकासमोर वाचा: टायर, क्लच, पाटे, तेलं, कराचा फरक. आवाज न चढवता एकेक आकडा सांगितला की बहुतेक माणसं ऐकून घेतात. बयाणा लहान ठेवा, बँकेतून द्या आणि चिठ्ठीवर लिहून घ्या की एनओसी किंवा बोजा उतरल्याचा कागद मिळाला नाही तर पैसे परत.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन घरी ठेवू नका. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाका. विक्रेत्याच्या नावावरची गाडी घेऊन घाटापलीकडे जाऊ नका. वाटेत काही झालं तर दोघांनाही जड जाईल.

१०. घरी आणल्यावर, भोक पाडण्याआधी

प्लाय आणायची घाई इथे नडते. आधी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलची तेलं एकदम बदला. ब्रेकचं तेलही. चासी पुन्हा धुऊन पूर्ण सुकू द्या, मगच गंजरोधक मारा. ओल्या लोखंडावर मारलेला लेप ओल आत कोंडतो.

मग महिनाभर गाडी आहे तशीच वापरा. हौद्यात गादी टाकून एखादी रात्र काढा. कुठे डोकं आपटतं, पाण्याचा कॅन कुठे हाताशी हवा, दार कुठल्या बाजूला उघडावं हे त्या रात्री ठरतं. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि बॅटरी, मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि तळाशी येतील असं आखा. हौद्याच्या टोकाला टाकलेलं वजन पुढची चाकं हलकी करतं आणि घाटातल्या वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. जागा खडूने आखून झाल्या की तेवढ्याच वजनाच्या गोणी तिथे ठेवा, पुन्हा चोर्ला चढून उतरा, आणि त्यानंतर ड्रिल हातात घ्या.